चौथं वाक्य

माधवीने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि फोनवरचा मजकूर मराठीत सांगायला सुरुवात केली.

"म्हणतो, बाबा, मी सुखरूप आहे. जेवण चांगलं मिळतं. कामही चांगलं आहे. आईला सांगा, काळजी करू नको."

"बस, येवढंच?"

"एवढंच आहे, भाऊ."

"मंग बरं हाय." शेषरावांनी मांडीवरचा दुपट्टा खांद्यावर टाकला. पायाशी रिकामं टोपलं होतं. त्याच्या तळाला मेथीची चार पानं चिकटून राहिली होती.

राजापेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की माधवीचा इंग्रजीचा क्लास होता. शेषराव आठवड्यातून एकदा तरी तो जिना चढत. वलगावजवळच्या वावरातली मेथी, पालक, कोथिंबीर सकाळी बाजारात नेऊन टाकायची आणि परतताना, पोरं यायच्या आत, मुलाचा, सागरचा मेसेज मॅडमकडून वाचून घ्यायचा. गावात इंग्रजी वाचणारे नव्हते असं नाही. पण ज्या बाईने पोराला इंग्रजी शिकवलं, तिच्या तोंडून ऐकलं म्हणजे त्यांना पोरच बोलल्यासारखं वाटे.

सागर दिवाळीनंतर बँकॉकला कॉम्प्युटरच्या नोकरीवर गेला होता. सुरुवातीला तो रोज फोन करायचा. मग त्याचा नंबर बदलला, फोन बंद झाले आणि फक्त मेसेज येऊ लागले, तेही इंग्रजीत. कंपनीचा नियम आहे, असं त्याने कळवलं होतं.

माधवीने फोन परत दिला. शेषरावांनी तो खिशात घालायला सदरा वर केला, तेवढ्यात तिने हात पुढे केला.

"एक मिनिट, भाऊ. परत द्या बरं."

तिने पहिली ओळ पुन्हा पाहिली. मी सुखरूप आहे, असं म्हणायला 'आय ॲम सेफ' लिहायला हवं. सागरने लिहिलं होतं, 'आय ॲम सेव्ह'. 'एफ'च्या जागी 'व्ही'. बावीस वर्षं पोरांच्या चुका दुरुस्त करून तिच्या जिभेला अशी सवय लागली होती, की डोळ्यांना चूक दिसण्याआधी तोंडातून बरोबर शब्द निघून जाई.

तिने अंगठ्याने मजकूर वर सरकवला. मागच्या आठवड्याचा मेसेज. 'आय ॲम सेव्ह'. त्याच्या मागचा. 'आय ॲम सेव्ह'. दोन्ही तिनेच वाचले होते. दोन्ही वेळा सुखरूप म्हणून सांगितलं होतं.

"काई झालं काय जी?"

"नाही. एक अक्षर चुकवतोय."

"अजूनबी चुकते?" शेषराव हसले. "तुमी त केवढ्या रागवत होत्या त्याले. अन् आता आकोटच्या ललितलेबी बलावून घेतलं त्यानं. याच हप्त्यात जाऊन राहिला थो. बरं झालं, दोघाले दोघं सोबत होतीन."

ललित, तिचाच जुना विद्यार्थी, येऊन गेला होता. पेढे घेऊन, नवे बूट घालून. सागरनेच लावून दिलं मॅडम, म्हणाला होता. माधवीने मान हलवली आणि सागरचा नवा नंबर आपल्या फोनमध्ये उतरवून घेतला, त्या तीन मेसेजचे फोटोही काढून ठेवले.

शेषराव जिना उतरून गेले तरी ती तशीच उभी होती.

या दोन शब्दांवरून सागरने पूर्वी तिला पुरतं हैराण केलं होतं. "मॅडम, शेव म्हंजे चिवड्यातली काय?" असं विचारून त्याने सगळा वर्ग हसवला होता. सेफ हे विशेषण, सेव्ह हे क्रियापद, हे ती फळ्यावर लिहून लिहून थकली. पोरगं प्रत्येक वेळी चुकायचं. चुकला की तिची ठरलेली शिक्षा असे, त्या शब्दावर पाच वाक्यं, वर्गातल्याच पोरांची नावं घालून. ललित आंबा खातो. ललित दार उघडतो. ललित बहुतेक वाक्यांत असायचा, कारण तो सागरच्या शेजारी बसायचा.

आणि एक दिवस सागरने स्वतःच उठून दुसऱ्या एका मुलीला समजावून सांगितलं होतं, "अवं, सोपं हाय. सेफ म्हंजे मानूस कसा हाय, ते सांगते. सेव्ह म्हटलं का मंग कोनंतरी काईतरी करा लागते." माधवीने तेव्हा खडू खाली ठेवला होता. तिला इतकं नीट कधी सांगता आलं नव्हतं. त्यानंतर सागर त्या शब्दांत चुकल्याचं तिला आठवत नव्हतं.

दुपारी जेवताना तिने नवऱ्यापुढे फोन धरला. अनुप जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचा आणि सहसा घाबरत नसे.

"कीबोर्डवर बघ," तो म्हणाला. "एफच्या खालीच व्ही आहे. अंगठा घसरला असेल."

"तीन वेळा?"

"तर मग विसरला असेल. तिकडे कोण आहे स्पेलिंग तपासायला?"

"बाकी एक शब्द चुकलेला नाही, अनुप. 'एन्जॉइंग'सुद्धा बरोबर आहे."

अनुपने भाकरीचा तुकडा वाटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "तिकडे पोरांना डांबून ठेवतात, असं पेपरात वाचलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "पासपोर्ट काढून घेतात. फोनवरून लोकांना फसवायच्या कामाला लावतात. नाही म्हटलं तर मारतात. घरी काय लिहायचं तेही तेच बघतात म्हणे."

माधवीला ताट समोर असून दिसेना. आपण शिकवलेलं पोराच्या डोक्यातून पार पुसून गेलेलं असावं, अशी इच्छा तिला आयुष्यात पहिल्यांदा झाली. तो विसरला असेल तर तो सुखरूप होता. त्याला आठवत असेल तर नव्हता.

विचारायचं कसं? सरळ विचारलं आणि मेसेज दुसऱ्याच कुणी वाचला तर? तिने लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. शेवटी ती वर्गात रागवायची तशीच रागावली. इंग्रजीत तिने लिहिलं की मी तुझी राजापेठेची मॅडम, तुझे वडील मेसेज दाखवतात, तुझी मला लाज वाटते. सेफ विशेषण, सेव्ह क्रियापद. या क्रियापदाला कर्म लागतं, कर्माशिवाय वाक्य अर्धवट. पाच वाक्यं लिहून पाठव.

पाठवल्यावर तिने फोन पालथा ठेवला, आणि लगेच सुलटा केला. तो दिवस तसाच गेला.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या क्लासमध्ये आलं. ती फळ्याकडे तोंड करून भविष्यकाळ शिकवत होती. टेबलावर फोन थरथरला. पोरांकडे पाठ करूनच तिने वाचलं.

सॉरी मॅडम, असं वर होतं. खाली पाच वाक्यं, प्रत्येकापुढे आकडा. पाणी वाचवा. माझे वडील बियाणं वाचवून ठेवतात. आपण सेमाडोहचे वाघ वाचवू या. चौथं वाक्य दोनच शब्दांचं होतं.

सेव्ह ललित.

पाचव्यात झाडं वाचवायची होती. एकाही वाक्यात चूक नव्हती.

माधवीने चौथं वाक्य पुन्हा वाचलं. तिच्या वर्गात दोन वर्षं ललित कर्ता होता. तोच खायचा, तोच दार उघडायचा, तोच शाळेत जायचा. इथे तो काहीच करत नव्हता. इथे त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी करायचं होतं. वाचवा ललितला.

"मॅडम, शॅल का विल?" मागून एका मुलीने विचारलं.

"आज सुट्टी," माधवी म्हणाली. "घरी जा सगळे."

खोली रिकामी झाल्यावर तिने ललितला फोन लावला. पलीकडे टीव्हीचा आणि भांड्यांचा आवाज होता.

"मॅडम! बोला जी."

"कधी निघतोस रे?"

"आजच. सांजेले एजंटची गाडी येऊन राहिली. अकोल्याहून रेल्वे, मुंबईहून विमान." त्याचा आवाज नुसता उड्या मारत होता. "तुमी फोन केला म्हणून सांगू काय सागरले? आत्ताच मेसेज करतो त्याले."

तिच्या ओठांवर आलेलं सगळं तिथल्या तिथे थिजलं. हा पोरगा आता जे ऐकेल ते पुढच्या मिनिटाला सागरच्या फोनवर लिहून टाकेल. मॅडम म्हणतात येऊ नको, खरं काय? आणि सागरच्या मागे उभं राहून ते कोण वाचेल?

"नको, काही कळवू नको," ती म्हणाली. "माझ्याकडून सागरसाठी काही द्यायचंय. मीच येते घेऊन."

"आकोटले? तुमी?"

"हो. मी येईपर्यंत निघू नको."

दर्यापूरमार्गे जाणाऱ्या एसटीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली. दर थांब्यावर बस रेंगाळली की ती घड्याळ पाही. एजंट लवकर आला तर? ललितने तेवढ्यात काही लिहिलं तर? कुणीतरी मागाहून आपल्याला विचारलं, की एका अक्षरावरून तुम्ही एका पोराची नोकरी घालवली का, तर काय सांगणार? बाहेर तुरीची शेतं मागे जात होती. तिला एकही दिसलं नाही.

ललितच्या घरी ओसरीत मोठी निळी बॅग उघडी पडली होती. त्याची आई, इंदूबाई, जवसाच्या चटणीच्या पुड्या रबराने बांधत होत्या.

"या मॅडम, या. बसा. हे दोन पुडे ललितचे, अन् हे सागरसाठी. तिकडे भेटत नसन ना थे असं."

माधवी खाटेवर बसली. तिने पाण्याचा तांब्या तसाच बाजूला ठेवला आणि दाराकडे एकदा पाहून सगळं सांगितलं. तीन मेसेज, पाच वाक्यं, चौथं वाक्य.

ललित ऐकून घेता घेता लाल झाला.

"मॅडम, येका स्पेलिंगवरून? मी दुकान सोडलं. सगळ्या आकोटात सांगून बसलो." त्याने खिशातून फोन काढला. "थांबा, सागरलेच इचारतो."

माधवीने झटकन त्याचा फोनसकट हात धरला. तिने वर्गात कधी कुठल्या मुलाच्या अंगाला हात लावला नव्हता.

"विचारलंस तर त्याचं तिथे काय करतील, माहीत नाही मला," ती म्हणाली. "ललित, त्याने तुला बोलावलं ते दाखव. मोठ्याने वाच."

ललितने वाचलं. प्रिय मित्रा, इथे पगार उत्तम आहे. राहण्याची सोय उत्तम आहे. लवकर ये. मी तुझी वाट पाहतो. इंग्रजीत, एका सुरात.

"क्लासबाहेर तुम्ही दोघं कधी इंग्रजीत बोललात?"

"नाई."

"मग कसे बोलायचे?"

ललितने एकदा आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "शिव्या देऊन," तो म्हणाला. मग फोनवरचा मजकूर त्याने स्वतःशी, ओठ हलवत, पुन्हा पहिल्यापासून वाचला. आणखी वर गेला. त्याच्याही वर. माधवीला दिसत होतं, पोराच्या तोंडावरचा राग कसा हळूहळू उतरतो आहे आणि त्या जागी काय येतं आहे.

"दोन मयन्यांत येकबी शिवी नाई, मॅडम," तो म्हणाला. "थो मले असा कदीच बोलत नाई." आणि तो नव्या बुटांसकट जमिनीवर बसला.

इंदूबाईंनी हातातली पुडी खाली ठेवली. मग त्यांनी बॅगेतले शर्ट काढून खाटेवर टाकायला सुरुवात केली.

"गाडीवाल्याले काय सांगशीन मा?" ललितने विचारलं.

"टायफाईड झाला म्हणून सांगतो मी. तू आत जाऊन वाकळ घेऊन पड. अन् थो फोन मले दे."

संध्याकाळी गाडी आली. माधवी आतल्या खोलीत, वाकळीखाली कुडकुडल्याचं सोंग घेतलेल्या ललितच्या उशाशी बसली होती. बाहेर एक माणूस गोड आवाजात इंदूबाईंना समजावत होता, की बुखार तर विमानातही उतरतो, गोळी देऊ, पोराला उठवा. इंदूबाई आवाज चढवत नव्हत्या. दाराच्या चौकटीला हात लावून, डॉक्टरने हलू नको म्हटलं, एवढंच त्या परत परत सांगत होत्या. तो माणूस आत डोकावून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला. तेव्हा माधवीला कळलं, की पोराचं सोंग केव्हाच संपलं आहे. तो खरोखरच थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वलगावला गेली. शेषराव आणि त्यांची बायको जयवंताबाई विहिरीजवळ बसून पालकाच्या जुड्या बांधत होते. माधवी धुऱ्याच्या बांधावरच टेकली. रस्ताभर जुळवून ठेवलेलं बोलणं विसरून गेलं आणि जे होतं ते तिने सांगून टाकलं. आपण सुखरूप म्हणून वाचून दाखवलं ते सुखरूप नव्हतं, हेही सांगितलं.

शेषरावांच्या हातातली जुडी अर्धी बांधून राहिली.

"पाच वाक्यं लिवली म्हणता," ते म्हणाले.

"हो."

"त्यात सोताचं नाव नाई?"

"नाही, भाऊ."

जयवंताबाईंनी पदराने तोंड पुसलं. रडल्या नाहीत. "त्याले येवढं कळवा मॅडम," त्या म्हणाल्या, "का ललित घरी हाय. पोराच्या जिवाले घोर असन तथी."

माधवीने फोन काढला. लिहायचं तर होतं, पण तेही धड्याच्या आडून. तिने लिहिलं, पाचही वाक्यं बरोबर. आता विशेषणाचं उदाहरण मी देते. ललित इज सेफ. नीट पाठ कर.

तिघंही त्या चकचकीत काचेवर वाकून बसले. शेषरावांना अक्षरं कळत नव्हती, तरी तेही वाचल्यासारखे पाहत होते. मेसेज पोचला. कितीतरी वेळाने वाचला गेला. मग पलीकडे कुणीतरी लिहीत असल्याची खूण दिसली, थांबली, पुन्हा दिसली.

"थँक यू मॅडम."

माधवी सांगायला तोंड उघडणार, तोच शेषराव म्हणाले, "थँक्यू त मलेबी समजते."

जयवंताबाई अजून फोनकडेच बघत होत्या. "असं काहून म्हणते?" त्या म्हणाल्या. "निंगून जाताना म्हणते तसं."

शेषराव उठले. त्यांनी पाटात हात धुतले, बांगडीसारखा मनगटात अडकलेला सुतळीचा वेढा काढून फेकला आणि झोपडीच्या खुंटीवरचा सदरा अंगात घातला.

"चाला मॅडम, पोलिसाइकडे. तुमी सांगजा त्याइले, थे अक्षर कोनतं होतं."

"भाऊ, पोलिसांत गेलो आणि तिकडे कळलं तर..." माधवी म्हणाली. "मलाच भीती वाटते."

"मले नाई वाटत काय?" सदऱ्याची गुंडी त्यांच्या बोटांत सापडत नव्हती. जयवंताबाईंनी पुढे होऊन ती लावून दिली. "पण त्यानं त्याचं केलं. आता आपलं रायलं."

पालकाच्या जुड्या तिथेच उन्हात पडल्या होत्या. त्यांच्यावर ओलं पोतं टाकायचं जयवंताबाईंच्याही लक्षात आलं नाही. त्या केव्हाच रस्त्याला लागल्या होत्या, अनवाणी.